सातव्या वाऱ्याचा पाचवा भाग

एप्रिल लागला की साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयात आयांची रीघ लागते. परीक्षा संपलेल्या असतात, मोबाइलवरून घरोघरी भांडणं सुरू झालेली असतात, आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की पोराला जादूच्या गोष्टींची एखादी लांबलचक मालिका लावून द्या, दोन महिने निवांत जातील. त्या दोन-तीन गठ्ठे माझ्यापुढे ठेवतात आणि विचारतात, "मॅडम, यातली कुठली चांगली?" मी त्यातलं एक पुस्तक उचलते, मधोमध उघडते आणि म्हणते, "थांबा हं, आधी यात कुणी जेवतंय का ते बघू." बाई माझ्याकडे बघतच राहतात. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली बाई आहे, ती पहिल्या वर्गात घेतलेली आहे, हे त्यांना त्या वेळी सांगूनही खरं वाटणार नाही.

ही खोड माझी नव्हे. ती सांगलीच्या अण्णांची.

अण्णा हळदीचे अडते. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची पेढी. शेतकऱ्यांच्या गाड्या उतरवून घ्यायच्या, सौदा लावायचा, माल विकून द्यायचा, हे त्यांचं काम, आणि मला पहिली नोकरी जिथे लागली त्या छोट्या वाचनालयाचे कार्यवाहपद ही त्यांची हौस. त्यांचा पांढरा शर्ट सकाळी दहापर्यंतच पांढरा असायचा. नंतर माणूस कोपरापर्यंत पिवळा. वाचनालयात ते यायचे दुपारी, सौदे आटोपल्यावर, हात साबणाने तीनदा धुऊन, तरी त्यांनी हाताळलेलं पुस्तक लगेच ओळखू यायचं. पानाच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटलेला असायचा. नवीन असताना मी त्याबद्दल तक्रार केली. अण्णा म्हणाले, "बाई, वाळवी लागत न्हाई हळदीला. तुमच्या शास्त्रात हाय का न्हाई हे?" आमच्या शास्त्रात ते नव्हतं.

मोठ्यांची पुस्तकं कुठली घ्यायची याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ती यादी मी करायची, अध्यक्षांनी सही करायची. पण उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मुलांना कुठली मालिका द्यायची, हा निर्णय फक्त अण्णांचा. आणि मालिका म्हणजे जादूचीच. उडणारे घोडे, बोलणारी झाडं, राक्षस, शापित राजपुत्र वगैरे. याचं कारण मी पुष्कळ शोधलं. लहानपणी वाचायला मिळालं नसेल, एखादं पुस्तक अर्धवट राहिलं असेल, नातवंडं लांब असतील, असं काहीबाही. शेवटी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "आवडतंय म्हनून." मला त्यांचा थोडा रागच आला, कारण मी त्यांच्यावर लेख लिहायच्या विचारात होते.

निवड करायला ते मला बरोबर घेऊन पुस्तकांच्या दुकानात जायचे. दुकानदार आम्हाला लांबून बघूनच काऊंटरच्या मागे सरकायचा. हळदीच्या सौद्यात वरून चकचकीत दिसणाऱ्या मालावर कुणी विश्वास ठेवत नाही. पोत्यातून हळकुंड काढायचं, कडकन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. अण्णा पुस्तकालाही तेच करायचे. मुखपृष्ठाकडे ते बघायचेच नाहीत. पहिलं पानही वाचायचे नाहीत, कारण पहिलं पान म्हणजे पॉलिश. पाच भागांची मालिका असेल तर तिसरा भाग उचलायचा, दोन्ही हातांनी मधोमध असा उघडायचा की बांधणी करकरली पाहिजे, आणि उभ्या उभ्या दहा मिनिटं वाचायचं. दुकानदार डोळे मिटून घ्यायचा.

मग प्रश्न सुरू. पहिला, जेवणाचा. "शंभर पानं झाली, कुनी भाकरीचा तुकडा मोडला न्हाई. उपाशी मानसं तलवार कशी उचलतील?" अशी मालिका बाद. दुसरा, घोड्याचा. घोडा दिवसभर पळवला आणि त्याला पाणी दाखवलं नाही, तर लेखकाचं काही खरं नाही. तिसरी परीक्षा मला सर्वांत अवघड जायची. नायकाचं नाव गल्लीच्या टोकावरून हाक मारता येण्यासारखं पाहिजे. ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघणं अण्णांना पटायचं नाही. ते दुकानाच्या पायरीवर जाऊन, तोंडाभोवती हात धरून, भर बाजारात त्या परदेशी राजपुत्राला हाक मारायचे. एका वर्षी त्यांनी कुणा 'थॅ'पासून सुरू होणाऱ्या वीराला अशा काही हाका मारल्या की एक रिक्षा थांबली आणि चालकाने विचारलं, "कुठं जायचंय?" अण्णा आत येऊन म्हणाले, "चालंल. ऐकू जातंय." आणि ती मालिका आम्ही घेतली.

पालकांशी त्यांचं कधी पटलं नाही. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, यात काही मूल्यशिक्षण आहे का. अण्णांनी मनापासून विचार केला. म्हणाले, "न्हाई. ह्यात तीन डोळ्यांचा राक्षस हाय." गृहस्थ गेले, मुलगा मात्र दारातच थबकला. त्याला हाताला धरून ओढत न्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तो एकटा सायकलवरून आला.

मे महिन्याच्या सुरुवातीला अण्णांचा दरबार भरायचा. पाच मुलांना तिसरा भाग आधी वाचायला द्यायचा आणि त्यांचं मत घ्यायचं. पण मत उघड विचारलं की पहिला जे बोलतो तेच बाकीचे चौघे बोलतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते आपल्या वडिलांच्या वेळची बाजारातली पद्धत वापरायचे. तेव्हा म्हणे भाव तोंडाने बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं दाबून सांगायचा. अण्णा खुर्चीत बसायचे, हातावर मोठा चौकड्याचा रुमाल पसरायचा, आणि एकेका मुलाने येऊन रुमालाखाली हात घालून त्यांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे टाकाऊ, पाच म्हणजे उत्तम. मुलं ओठ घट्ट मिटून, फार मोठा व्यवहार करत असल्यासारखी, हात घालायची. मी एकदा सहज विचारलं, त्या जोशांच्या मुलाने किती दिले? अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तिजोरीची किल्ली मागितली. "हाताखालचा भाव भाईर सांगत न्हाईत, बाई." चार वर्षांत त्यांनी तो एकदाही सांगितला नाही.

त्यांच्या खरं बोलण्याचा मात्र मला जाच व्हायचा. लग्नात जेवायला गेले तर यजमानांना बोलावून सांगायचे की आमटीला मीठ कमी आहे. मी नवी साडी नेसून आले की सांगायचे, "रंग जाईल हिचा." एका वर्षी वाचनालयाच्या तपासणीला साहेब आले. आमचा 'ब' वर्ग होता, 'अ' मिळून अनुदान वाढायची शक्यता होती. मी आठ दिवस राबून कपाटं लावली, टेबलावर फुलं ठेवली. साहेबांनी खूश होऊन विचारलं, "बालविभागात वर्षभर मुलं येतात ना?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "उन्हाळा सोडला तर चिमण्या येत्यात." आमचा 'ब' वर्ग 'ब'च राहिला. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. यार्डात त्यांनी हो म्हटलं की कुणी कागद मागत नसे म्हणतात. मला तेव्हा वाटायचं, यार्डात ठीक आहे, जरा वाचनालयात तरी माणसाने सांभाळून बोलावं.

सांगलीतल्या माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी जी मालिका निवडली, तिचं नाव होतं 'सात वाऱ्यांचं राज्य'. इंग्रजीवरून मराठीत आलेली, पाच भागांची. ढगांवर वसलेलं एक नगर, तिथली इल्मा नावाची मुलगी, तिला वाऱ्यांची भाषा येते. सहा वारे मोकळे आहेत आणि सातवा धुक्याच्या राजाने कुठेतरी कोंडून ठेवला आहे, तो तिला शोधायचा आहे. अण्णांनी तिसरा भाग मोडून बघितला. इल्मा उघडलेल्या पानावरच कांद्याबरोबर पाव खात होती. घोड्याला पाणी दाखवलेलं होतं. पायरीवरून "इल्माऽऽ" अशी हाक मारल्यावर समोरच्या इमारतीतल्या दोन बायका खिडकीत आल्या. "उचला सगळा लॉट," अण्णा म्हणाले, "तीन-तीन प्रती."

चूक इथेच झाली. हळदीत एक पोतं फोडून बघितलं की अख्खी गाडी कळते, आणि गाडीतलं शेवटचं पोतं उतरायला थोडं मागेपुढे झालं तर कुणी घाबरत नाही. दुकानदाराने चार भागांचे गठ्ठे सुतळीने बांधून दिले आणि म्हणाला, पाचवा मागनं येतोय. अण्णांनी मान डोलावली. पाचवा भाग छापलेला आहे का, हे बघणं ग्रंथपालाचं काम होतं, आणि ग्रंथपाल मी होते. मी तेव्हा पुस्तकांना क्रमांक घालण्यात गुंग होते.

मुलं वेडी झाली. तीस-पस्तीस मुलं तीन-तीन प्रतींवर तुटून पडली. त्यात काजल नावाची एक अकरा वर्षांची मुलगी होती. ती जतकडच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. तिचा मामा अण्णांच्या पेढीवर हमाल, सुट्टीत ती त्याच्याकडे आलेली. दरबारच्या पाच मुलांत अण्णांनी तिलाही घेतलं होतं. रुमालाखाली मत द्यायची वेळ आली तेव्हा तिने आत हात घातला आणि अण्णा "अगं अगं" करून ओरडले. पोरीने पाचही बोटं धरून वर मनगटही धरलं होतं. त्या एका वेळी हाताखालचा भाव सगळ्यांना कळला.

काजलने चार भाग नऊ दिवसांत संपवले. चौथ्याच्या शेवटी धुक्याचा राजा दोर कापतो आणि इल्मा ढगांच्या तटावरून खाली पडते. पडत राहते. तिथेच पुस्तक संपतं. काजल दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली.

"आवं अण्णा, पाचवा कुठाय?"

"येतोय."

"कवा?"

"शाळा उघडायच्या आत तुला पाचवा मिळंल."

"नक्की?"

"शब्द दिला," अण्णा म्हणाले.

हे ऐकून काजल निवांत झाली. तिचा मामा यार्डात काम करत होता, त्यामुळे या शब्दाची किंमत तिला ठाऊक होती.

दुकानदाराने हात वर केल्यावर अण्णांनी स्वतः पुण्याला प्रकाशकांना फोन लावला. मी शेजारीच बसले होते. पलीकडच्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं की चार भागांनाच मागणी नव्हती, म्हणून पाचव्याचा अनुवाद केलेला नाही, आणि करण्याचा विचारही नाही. अण्णांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी हवेत लटकत ठेवलीया तुमी?" पलीकडून फोन ठेवला गेला.

मी म्हटलं, "अण्णा, मुलांना सांगून टाकू. मुलं समजून घेतील." ते म्हणाले, "शब्द दिलाय." मी म्हटलं, "अहो, लहान मुलीला दिलेला शब्द." त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर मला अजून आठवते. मी मुकाट्याने मोबाइल काढला आणि मूळ इंग्रजी पाचवा भाग मागवला.

तो आला तेव्हा विटेएवढा जाड होता. अण्णांना इंग्रजी यायचं ते पोत्यांवर छापलेलं. एक्स्पोर्ट, क्वालिटी, नेट वेट. मला इंग्रजी उत्तम येतं असा माझा समज होता, तो पहिल्या दहा पानांत गळून पडला. ढगांचे निरनिराळे बावीस प्रकार त्या लेखिकेने वापरले होते. रोज चार वाजता मी पेढीवर जायची, समोर पुस्तक, हातात मोबाइलवरचा शब्दकोश, आणि गादीवर मांडी घालून अण्णा. मी वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. हळदीच्या धुरळ्याने मला दर परिच्छेदाला शिंक यायची. हमाल यायचे-जायचे, पाठीवर पोतं घेऊन दाराशी थबकायचे आणि विचारायचे, "घावला का वारा?"

आणि अण्णांचे प्रश्न. "धुक्याच्या राजाचं सैन्य महिनाभर चालत आलं. धान्य कुनी पुरवलं?" पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. "न दिलेलं चालत न्हाई. पोरं विचारतील." मी सांगितलं, पोरं नाही विचारणार, तुम्हीच विचारताय. मग ते गप्प बसायचे आणि दोन पानांनी पुन्हा विचारायचे. धुक्याच्या राजाने सोन्याचा डोंगर दाबून ठेवला आहे असं आलं, तेव्हा तर ते उठून उभेच राहिले. बाजारात पैसा फिरवायचा सोडून दाबून बसणाऱ्या माणसाचं राज्य बुडणार, हे त्यांनी दोनशे पानं आधीच सांगितलं, आणि ते खरं ठरलं.

शेवट मात्र वाईट होता. इल्माला सातवा वारा सापडतो, पण त्याला मोकळं ठेवायचं तर कुणीतरी त्याच्या जागी जायला हवं. ती स्वतःच वारा होते. मग ती कुणालाच दिसत नाही, आईलासुद्धा नाही. मी वाचून संपवलं आणि पुस्तक मिटलं. अण्णा उठले, बाहेरच्या नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

दरम्यान काजल निघून गेली होती. भावकीत लग्न निघालं म्हणून तिचा बाप मोटारसायकलवर आला आणि तासाभरात तिला घेऊन गेला. जाताना ती पेढीच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "अण्णा, ध्यानात हाय न्हवं?" अण्णांनी मान हलवली.

उरलेल्या मुलांना अण्णांनी पाचवा भाग तोंडी सांगितला. पाच दुपारी, वाचनालयाच्या ओसरीवर. त्यांनी स्वतःच्या पदरचं काहीही घातलं नाही हे मी शपथेवर सांगते, कारण मी पुस्तक घेऊन शेजारी बसले होते. फक्त ढगांच्या नगरातले सगळे लोक मार्केट यार्डातल्यासारखे बोलायला लागले. धुक्याचा राजा इल्माला म्हणाला, "ए पोरी, लय शानपना करू नगंस." इंग्रजीत तो असं म्हणाला नव्हता, पण त्याला म्हणायचं हेच होतं. मुलं गुडघे पोटाशी धरून ऐकत होती.

शेवट झाला तरी कुणी उठेना. एका मुलीने विचारलं, "म्हणजे ती परत दिसणारच नाही?"

"न्हाई दिसत."

"मग तुम्ही बदला ना, अण्णा. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर आदल्या दिवशी मीसुद्धा त्यांना हेच सुचवलं होतं. अण्णांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "माल हाय तसाच दाखवायचा आसतो, बाळ. भेसळ न्हाई करायची." मुलगी रडली. तिच्या भांगात थोडी हळद राहिली.

आता राहिली काजल. शाळा उघडायला तीन दिवस होते. अण्णांनी पेढीला सौद्याच्या दिवशी सुट्टी दिली. चाळीस वर्षांत, मुलाचं लग्न धरून, त्यांनी हे कधी केलं नव्हतं, असं यार्डातले लोक सांगतात. त्यांनी पिशवीत ते विटेएवढं पुस्तक घातलं, काजलच्या आईसाठी हळद घेतली, आणि मला म्हणाले, "चला बाई. कुठं अडलो तर पान काढून द्यायला तुमी पायजे." आम्ही एसटीने जतला गेलो. तिथून वडापच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर चौघांत दाटीवाटीने. सबंध रस्ताभर अण्णा ओठ हलवत होते. धडा पाठ करत होते.

वस्ती म्हणजे पाच-सहा घरं, बाभळी, मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघर, आणि मागच्या उघड्या माळावर पवनचक्क्या. सगळ्या फिरत होत्या, एकच बंद होती. बाभळीखाली पंधरा-वीस पोरं गोल करून बसलेली आणि मधे काजल, हातवारे करत काही सांगत असलेली. आम्हाला बघितल्यावर तिचा हात हवेतच राहिला. मला वाटलं होतं ती धावत येईल. ती आली नाही. तिचं तोंड पांढरंफटक पडलं.

कारण लगेचच कळलं. त्या पोरांत तिचा एक चौदा वर्षांचा चुलतभाऊ होता, मिसरूड फुटायला लागलेला. तो उठून अण्णांपुढे आला. "तुमीच का सांगलीचं अण्णा? बरं झालं आला. ही म्हनत्या, हिनं पाचवा भाग वाचलाय. आठ दिस झालं सांगत्या रोज संध्याकाळी. आन् मी मोबाईलवर बघितलं, मराठीत पाचवा निघालाच न्हाई. थापा मारत्या का न्हाई?"

पोरं सगळी अण्णांकडे बघायला लागली. काजल खाली मान घालून मातीत बोटाने रेघा ओढत होती. तिच्या मांडीला टेकून बसलेली एक चार-पाच वर्षांची पोर तेवढी तिच्याकडे बघत होती.

अण्णा खाली बसले. पिशवी मांडीवर घेतली. म्हणाले, "काय सांगितलंस, मला सांग बघू."

काजलने मातीतल्या रेघा पुसल्या. मग बारीक आवाजात सुरू झाली. इल्मा पडत पडत खाली येते ती माळावर. तिथे पाऊस नाही, सगळं वाळून गेलेलं. एक म्हातारी तिला घोंगड्यात गुंडाळते, ताक-भाकरी देते. मेंढरं तिच्या अंगावरचा ढगांचा वास घेतात. आणि माळावर एक पवनचक्की असते ती कधी फिरतच नाही. सांगता सांगता काजलचा आवाज चढला. त्या बंद चक्कीत धुक्याच्या राजाने सातवा वारा कोंडलेला असतो. इल्मा वर चढते, दार उघडते, चक्की गरागरा फिरते आणि पाऊस येतो. ढगांच्या नगरातले लोक तिला न्यायला येतात, राणी हो म्हणतात. ती म्हणते, "मी आले आसते, पर मेंढरं कोन बघंल?"

सगळी पोरं माळावरच्या त्या बंद चक्कीकडे बघत होती. मीसुद्धा बघत होते.

"बघा," चुलतभाऊ म्हणाला. "आसं पुस्तकात आसतंय का?"

अण्णांच्या पिशवीत खरा पाचवा भाग होता, आणि त्यांच्या डोक्यात तो ओळीने पाठ होता. तो सांगायला ते सौदा बुडवून आले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. हा माणूस काय बोलणार ते मला ठाऊक होतं. आमटीत मीठ कमी होतं, तपासणीला चिमण्या येत होत्या, माल आहे तसाच दाखवायचा होता.

"हाय," अण्णा म्हणाले.

"पुस्तकात?"

"पुस्तकात."

"पवनचक्कीबी?"

"हाय की."

"मेंढरं?"

"दोनशे अठ्ठावन्नाव्या पानावर हायत."

"शप्पत घ्या."

अण्णांनी गळ्याला हात लावला. "गळ्याशप्पत," ते म्हणाले. चुलतभावाची जिरली. ती लहान पोर उठून काजलच्या गळ्यात पडली, आणि पोरांनी गलका सुरू केला की पुन्हा पहिल्यापासून सांग.

मला अण्णांचा राग अनेकदा आला होता, हसू तर रोजच यायचं. पण माया आली ती त्या दिवशी, आणि ती आवरेना म्हणून मी उगीच काजलच्या आईला हळद कशी साठवायची ते सांगत बसले.

चहा झाला. परत निघालो तेव्हा काजल आम्हाला जीपपर्यंत सोडायला आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने अण्णांची बाही ओढली.

"अण्णा, पिशवीत पुस्तक हाय न्हवं?"

"हाय. इंग्रजीत हाय."

"त्यात खरं काय हुतं?"

"मला कुठं इंग्रजी येतंय, बाळ?" अण्णा म्हणाले, आणि जीपमध्ये चढून समोरच्या काचेतून रस्ता बघत बसले.

काजल माझ्याकडे वळली. "बाई, तुमाला येतंय की."

जीपवाल्याने हॉर्न दिला. अण्णांनी काचेवरची नजर हलवली नाही.

"नाही गं," मी म्हटलं. "मलाही नाही येत."

ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग म्हणाली, "मंग माजाच खरा," आणि बाभळीकडे पळाली.